मयताच्या भावातला पंखा

सूट नसलेली वस्तू विकत घेणारा माणूस बंचाला आजारी वाटत असे. कचेरीत कुणी नवा कुकर घेतला, की हा चौकशीला हजर. "कितीला पडला?" आकडा ऐकला, की डोळे मिटून खुर्चीत मागे टेकायचा आणि खोल आवाजात म्हणायचा, "मला आधी विचारायचंस ना रे!" त्यानंतर त्या बिचाऱ्याला त्या कुकरमधला भात गोड लागत नसे. थायलंडमधल्या नोंथाबुरीतल्या त्या कचेरीत खरेदीची पिशवी हातात असली, की लोक बंचाच्या टेबलासमोरून जात नसत, मागच्या जिन्याने वळसा घालून जात.

पण गरज पडली की सगळे त्याच्याकडेच येत. साहेबांच्या बायकोला वाढदिवसाला काय द्यावं, फोन कुठला घ्यावा, खोक्याला पोचा आलेला टीव्ही मागितला तर दुकानदार किती खाली येतो, या शास्त्रात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि असा माणूस एका पंख्यापायी परक्या माणसाच्या शवपेटीवर टकटक करून त्याला "बाबा" म्हणाला, हे त्या कचेरीत आजही कुणाला खरं वाटत नाही.

झालं असं, की त्याची बायको सुनी हिच्या थोरल्या बहिणीने, ओराथायने, नवं घर बांधलं आणि रविवारी घरभरणी ठेवली. ओराथाय स्पष्टवक्ती बाई. "मला उंच स्टँडचा, रिमोटवाला, आवाज न करणारा पंखा द्या," असं तिने आपण होऊनच सांगून टाकलं. कारण मागच्या खेपेला बंचाने तिला इस्त्री दिली होती आणि खोक्यावर 'नमुना, विक्रीसाठी नाही' असं ठळक छापलेलं होतं. ते तिने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

"पी बंचा," थोरल्यांना लावायचं मानाचं 'पी' लावत सुनीने त्याला दारातच अडवलं, "या वेळी दुकानात जायचं, वस्तू घ्यायची, पैसे द्यायचे आणि घरी यायचं. मध्ये डोकं चालवायचं नाही. माझी शपथ आहे."

बंचा दुकानात गेला. पंख्याखालची किमतीची चिठ्ठी त्याने वाचली आणि त्याला खरोखर धक्का बसला. त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचली. विक्रेत्याला विचारलं, "या किमतीत घरसुद्धा मिळतं का?" विक्रेता हसला नाही. बंचा रिकाम्या हाताने आणि दुखावल्या मनाने परत आला.

कुंपणापाशी शेजारची पा मालाय उभी होतीच. वयाने मोठी म्हणून सगळी गल्ली तिला पा म्हणे आणि त्या मानाची परतफेड ती सल्ल्यांनी करी. "पुढच्या महिन्यात सेल लागतो. थांब की."

"घरभरणी रविवारी आहे, पा."

"मग घरभरणी पुढे ढकलायला सांग."

पलीकडून निवृत्त हवालदार थोंग म्हणाले, "दुकानात उभ्या उभ्या एक स्क्रू काढून खिशात घालायचा, आणि मग माल खराब आहे म्हणून भाव पाडायचा. मी असे दोन टीव्ही घेतलेत."

"चालतात?"

"चालतात म्हणजे, आवाज येतो."

बंचाला तो तोडगा पटला नाही, पण रात्रीच्या जेवणात त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. मागच्याच आठवड्यात तो एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या मयताला गेला होता. हल्ली फुलांच्या चक्रांऐवजी पंखेच पाठवतात. फुलं दोन दिवसांत कुजतात, पंखा पुढे विहाराला किंवा शाळेला जातो आणि पाठवणाऱ्याचं पुण्य फिरत राहतं. तिथे पेटीसमोरच्या रांगेत त्याने नेमका हाच पंखा पाहिला होता. त्याने फोनवर मयताचे पंखे पाठवणाऱ्या एका दुकानाचा भाव काढला आणि हातातला चमचा खाली ठेवला. तोच पंखा, तोच रिमोट, वर काळ्यापांढऱ्या कापडाची झालर, कागदी लिली, नावाची फीत, पोचवणं फुकट आणि किंमत निम्मी! ज्याला वाऱ्याची गरज त्याला दुप्पट भाव आणि ज्याला वारा लागणारच नाही त्याला सवलत, हा कुठला न्याय? झालर फाडायची, लिली काढायच्या, फीत कापायची. उरतो तो पंखाच.

त्याने सुनीला नुसतं चाचपून पाहिलं. "समज, एखाद्याने मयताचा पंखा—"

"घरभरणीला?" सुनी ओरडली. "माझ्या बहिणीच्या नव्या घरात मढ्याचा वारा?"

"समज म्हटलं मी."

मग त्याने ठरवलं, की सुनीला कळण्याचं काही कारण नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानाला फोन लावला. "पंखा घरी पाठवता येईल का?"

"घरी कोण वारलंय, खुन?" गिऱ्हाइकाला अदबीने 'खुन' म्हणणाऱ्या दुकानातल्या मुलीने आवाज हळवा केला.

"कोणी नाही."

"मग पंखा?"

"पुढेमागे लागेलच की," बंचा घाईत बोलून गेला.

"आम्ही विहारातच पोचवतो. मंडपाचा क्रमांक आणि गेलेल्यांचं नाव लागतं. आमचा माणूस पेटीसमोर पंखा ठेवून फोटो काढतो, त्याशिवाय ऑर्डर पुरी होत नाही."

"आणि मी दुकानात येऊन घेऊन गेलो तर?"

"मग तो नुसता पंखा होतो, खुन. नुसत्या पंख्याचा भाव वेगळा."

आता मयत शोधणं आलं. कालव्यापलीकडच्या विहाराबाहेरच्या फळ्यावर त्या दिवशी पाच मयतं लागली होती. बंचाने सगळे मंडप हिंडून पाहिले आणि तीन नंबरचा पसंत केला, कारण तिथून गाडी लावायची जागा सगळ्यांत जवळ होती. तिथे प्रयून नावाचे एक वृद्ध गृहस्थ होते. शनिवारी दहन. बंचाला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, आणि जाणून घ्यायची गरजही वाटली नाही.

राहिली फीत. मनासारखा मजकूर हवा असेल तर जादा पैसे, तयार मजकूर फुकट. फुकटात तीनच होते. एक 'व्यवस्थापकीय संचालक आणि कर्मचारीवर्गाकडून'. दुसरा 'शाळेतल्या वर्गमैत्रिणींकडून'. तिसरा 'प्रिय बाबांना अखेरचा नमस्कार, मुलगा', पुढे नाव, 'आणि कुटुंबीय'. बंचाने प्रामाणिकपणे विचार केला. तो संचालक नव्हता. वर्गमैत्रीणही नव्हता. मुलगा मात्र तो कुणाचा तरी होताच. शिवाय कोण वाचणार? शुक्रवारी पाच वाजता पंखा येणार, नातेवाईक सहाच्या पुढे जमणार, मधल्या वेळात हा उचलून पसार होणार. त्याने पुढे आपलं नाव घातलं.

पंखा दुपारी बारा वाजता पोचला. बंचाच्या आयुष्यात वेळेआधी आलेलं हे पहिलंच पार्सल. फोटोही आला, पेटीसमोर, बरोब्बर मधोमध, सगळ्यांत उंच. तेव्हा बंचा कचेरीत बैठकीत अडकला होता. साहेब काटकसरीवर बोलत होते आणि उदाहरण म्हणून पुन्हा पुन्हा बंचाकडेच बोट दाखवत होते, त्यामुळे उठायची सोय नव्हती.

तो विहारात पोचला तेव्हा सहा वाजून गेले होते. अंगात काळा सदरा होता, कारण काळा सदरा घातलेल्या माणसाला मयतात कुणी हटकत नाही, हा त्याचा हिशेब. मंडपात शिरला तर सगळी माणसं एका पंख्याभोवती गोळा झालेली. बाकीचे पंखे रांगेत निमूट उभे होते, त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

एक चाळिशीची बाई पुढे आली. ही प्रयून यांची एकुलती एक मुलगी, अंपोन. रडून तिचे डोळे सुजले होते. तिने हात जोडून विचारलं, "कुणाकडचे आपण?"

"मी पंख्यासाठी आलोय," बंचा म्हणाला.

"कुठल्या?"

बंचाने बोट दाखवलं. "तो माझा."

मागे उभी असलेली एक बाई "अगं बाई!" म्हणून मटकन खुर्चीत बसली. आणि मग गर्दी दोन्ही बाजूंना सरकली आणि मधून एक छोटीशी म्हातारी चालत आली. याई लमून, म्हणजे लमूनआजी, प्रयून यांची बायको. ती बंचासमोर उभी राहिली आणि त्याचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश पाहत गेली.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"नाही... म्हणजे हो... याई, जरा गैरसमज—"

"आईचं नाव काय तुझ्या?"

"सोमचित," बंचा म्हणाला. आईचं नाव विचारलं की खरं सांगायचं, ही त्याची शाळेपासूनची सवय.

"सोमचित," म्हातारी स्वतःशीच म्हणाली. "इतकी वर्षं मला नुसता शनिवार माहीत होता. आज नाव कळलं."

मग आजूबाजूच्या कुजबुजीतून बंचाला हळूहळू सगळं उमगलं. प्रयून दर शनिवारी न्याहारी करून, इस्त्रीचा सदरा घालून घराबाहेर पडत आणि दिवेलागणीला खुशीत परत येत. कुठे गेला होतात, याचं उत्तर त्यांनी कधी दिलं नाही. लमूननेही विचारायचं सोडून दिलं, कारण विचारलं तर एखाद दिवशी खरं उत्तर मिळेल, याची तिला भीती वाटायची. जन्मभर तिने ती भीती पोटात ठेवली होती. आणि आज दुपारी तिचं उत्तर झालर आणि लिली लावून पेटीसमोर येऊन उभं राहिलं होतं.

"नाक बघा, नाक," एक आत्या म्हणाली.

"कानपण तेच."

"कान नव्हे हो. कान त्या सोमचितचे असणार."

प्रयून यांचा धाकटा भाऊ सनित एका कोपऱ्यात उभा होता. शनिवार हा शब्द निघाल्यापासून त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो चपलांकडे बघत होता. ते पाहून उरलासुरला संशयही लोकांनी सोडून दिला. बंचाने तीनदा तोंड उघडलं. पण उघडून सांगायचं काय? मी तुमचा मुलगा नाही, मी तुमच्या मयतातून पंखा पळवायला आलोय? त्याने तीनदा तोंड मिटलं.

तेवढ्यात अंपोन ताट घेऊन आली. भात, ऑम्लेट, सुक्या मासळीच्या कालवणाची वाटी. गेलेल्या माणसाला पेटीवर टकटक करून जेवायला उठवायचं, हे गेले दोन दिवस लमूनच करत होती. तिने ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी नाही उठवणार. ज्यांच्याकडे खुशीत जात होते, त्यांनी उठवावं." तिने बंचाकडे हनुवटी केली. "ए पोरा, तू उठव."

"मी?"

"मग कोण, पंखा?"

सगळी माणसं बघत होती. त्याने पेटीवर टकटक केलं आणि ज्या आवाजात तो कचेरीत लोकांना धडे द्यायचा, त्याच्या एक चतुर्थांश आवाजात म्हणाला, "बाबा... जेवायला या."

पाठीमागे दोन बायका हुंदके देऊन रडल्या. आणि त्यांच्या मागे, पेजेची वाटी हातात धरून, पा मालाय उभी होती. वस्तीतलं एकही मयत न चुकवणारी बाई ती. तिने आ वासला होता. पेजेची वाटी तिने खाली ठेवली आणि फोन काढला.

"सुनी? अगं, तुझा सासरा वारला आणि तू घरी बसलीस? ... अगं, तुझा नवरा पहिल्या रांगेत बसलाय! ... मला काय माहीत कितवा सासरा!"

बंचाला खरंच पहिल्या रांगेत बसवलं होतं. शेजारी अंपोन. ती हळू आवाजात म्हणाली, "पी, मला राग नाही आला. एकटीने हे सगळं उरकत नव्हतं मला. लहानपणी वाटायचं, एखादा भाऊ हवा होता." आणि तिने त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. आजवर त्याने पुष्कळ दुकानदारांना फसवलं होतं आणि दर वेळी त्याला झोप छान लागली होती. या बाईच्या हातचं पाणी पिताना त्याला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

लमूनने आपली खुर्ची उचलून फिरवली आणि नवऱ्याच्या फोटोकडे पाठ करून बसली. "अंपोन, उद्या दहनाला मी यायची नाही. पेटवायला आता थोरला मुलगा आहे."

"आई!"

"पुरे झालं. खूप झाला संसार."

भिक्खू यायच्या आधी पाहुण्यांचे आभार मानायची पद्धत. अंपोनने मायक्रोफोन बंचाच्या हातात दिला. "पी, तुम्ही थोरले. बाबांबद्दल दोन शब्द बोला."

त्याच क्षणी मंडपाच्या पायऱ्यांवर सुनी प्रकट झाली. घरातल्याच कपड्यांत, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्या पायात त्याची. तिची नजर नवऱ्यावरून पेटीवर गेली, पेटीवरून पंख्यावर आणि पंख्यावरून फितीवर. तिने फीत वाचली. मग पुन्हा वाचली.

"पी बंचा," ती म्हणाली, "तुमच्या वडिलांना आपण अकरा वर्षांपूर्वी लोपबुरीच्या स्मशानात पोचवून आलो ना?"

बंचाने पेटीकडे पाहिलं. त्या पेटीत एक माणूस होता, ज्याला आता स्वतःची बाजू मांडता येत नव्हती. त्याची बायको पाठ फिरवून बसली होती आणि उद्या ती येणार नव्हती. आणि हे सगळं निम्म्या किमतीसाठी. बंचाने मायक्रोफोन तोंडाशी धरला. तो चालू होता आणि विहारातले सगळे कर्णे एकाच तारेवर होते, हे त्याला नंतर कळलं.

"मी यांचा मुलगा नाही," तो म्हणाला, आणि पाचही मंडपांत ते घुमलं. "मी यांना ओळखतही नाही. माझ्या मेहुणीची घरभरणी आहे. तिला पंखा हवाय. मयताच्या दुकानात तो निम्म्यात मिळतो, पण ते विहारातच पोचवतात. हा मंडप मी गाडी लावायला जवळ म्हणून निवडला. मुलगा लिहिलं, कारण तो मजकूर फुकट होता. मी पंखा उचलून न्यायला आलो होतो. याई, तुमचा नवरा चांगला माणूस असेल. मी लिहिलेलं काही खरं नाही."

कोपऱ्यातून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "दुकान कुठलं म्हणालात?" त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं.

लमून सावकाश वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "मग शनिवारी कुठे जायचे ते?"

आता सगळे सनितकडे बघायला लागले. सनितने हात जोडले. "वहिनी, त्याने मला शपथ घातली होती."

"ते मेलेत. बोल."

"जुन्या बाजारात." सनित म्हणाला. "रेडिओ, पंखे, मिक्सर, टेप. स्वस्त मिळालं की घ्यायचा. तो टीव्ही पेटला होता ना तुमच्या घरात, तेव्हा तुम्ही बजावलं होतं, की पुन्हा मोडका माल घरात आला तर मी माहेरी जाईन. म्हणून सगळं माझ्या मागच्या खोलीत ठेवायचा. दिवसभर दुरुस्त करत बसायचा."

"झालं दुरुस्त काही?"

"एक रेडिओ वाजतो. म्हणजे खरखरतो."

लमून उठली. तिने ताट हातात घेतलं. भात गार झाला होता. ती पेटीपाशी गेली आणि असं जोरात ठोठावलं, की दारातले भिक्खू जागच्या जागी थांबले.

"उठा! जेवायला या!" तिचा आवाज फाटला. "रेडिओ? अहो, रेडिओसाठी जन्मभर मला जाळलंत? बाई असती तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते! सांगायचं होतंत ना मला! नसते गेले हो मी माहेरी. कुठे जाणार होते मी?" ताट पेटीसमोर ठेवून ती तिथेच बसली आणि लहान मुलीसारखी रडू लागली. अंपोन तिच्या गळ्यात पडली. मग दोघी रडता रडता हसायला लागल्या आणि कोण कशासाठी रडतंय, हे कुणालाच कळेना.

शेवटी डोळे पुसून लमूनने बंचाला जवळ बोलावलं. बंचा जवळ गेला. त्याला वाटलं, आता कानाखाली बसणार.

"पंखा इथेच राहील," ती म्हणाली. "फीत काढ. उद्या दहनाला ये, पेज खाऊन जा. आणि सनितच्या खोलीत जाऊन हवा तो पंखा उचल. फुकट."

त्या अवस्थेतही एक क्षणभर बंचाच्या तोंडाला पाणी सुटलं. सुनीने ते पाहिलं.

"नको याई," ती हात जोडून म्हणाली. "उद्या आम्ही दुकानातून घेऊ. चिठ्ठीवरच्या भावाला. मी स्वतः बरोबर जाणार आहे."

पठण सुरू झालं. सुनी बंचाच्या शेजारी येऊन बसली, हात जोडले, डोळे मिटले. बऱ्याच वेळाने डोळे न उघडताच ती पुटपुटली, "पी, आपल्या जिन्याखालच्या कपाटाला तुम्ही कुलूप लावता. उंदीर होतात म्हणता."

बंचाने आणखी मन लावून हात जोडले.

"किल्ली द्या."

त्याने खिशात हात घातला आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. सुनीने मूठ मिटली.

"एवढंच ना?" तिने विचारलं.

बंचाने पेटीकडे पाहिलं, मग लमूनकडे. ती अजून पेटीला हात लावून बसली होती.

"ते कुलूप एकावर एक फुकट होतं," तो म्हणाला आणि दुसऱ्या कुलपाची किल्लीही काढली.